योसेमिटीच्या रानात मुक्कामाचं परमिट कसं मिळतं

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, म्हणजे बे एरियातल्या, आमच्या मराठी ट्रेकर्सच्या वॉट्सॅप ग्रुपवर दरवर्षी एक प्रश्न न चुकता येतो: "योसेमिटीत दोन रात्री तंबू टाकून राहायचंय, परमिट कुठे काढायचं?" प्रश्न फेब्रुवारीत आला तर उत्तर सोपं असतं. पण तो येतो जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि बेत असतो ऑगस्टच्या पहिल्या शनिवारचा. मग कोणी हसरे चेहरे टाकतं, कोणी "पुढच्या वर्षी बघा" म्हणतं, आणि विचारणारा बिचारा गप्प होतो.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे विचित्रच वाटतं. आपली सवय म्हणजे शुक्रवारी रात्री शेवटची कसारा लोकल पकडायची, पुढे जीप करून पायथ्याचं गाव गाठायचं आणि उजाडता उजाडता चढायला लागायचं. डोंगरात झोपायला सहा महिने आधी चिठ्ठी टाकायची, हे पचायला वेळ लागतो. मला दोन उन्हाळे लागले.

जुलैत विचारणाऱ्यालाही मार्ग असतो, तो शेवटी सांगते. पण आधी हे परमिट नेमकं कशाचं असतं ते कळायला हवं, कारण पहिल्यांदा अर्ज करणारे बहुतेक जण भलतीच गोष्ट मागत असतात. मीही तेच केलं होतं.

कशाला लागतं, कशाला नाही

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात वर्षाला साधारण ४० लाख लोक येतात. त्यातले बहुतेक जण दरीच्या तळाशी, म्हणजे योसेमिटी व्हॅलीत, धबधबे बघतात, फोटो काढतात, पार्किंगसाठी तासभर फिरतात आणि घरी जातात. त्या दरीच्या चहूबाजूंनी सुमारे ७ लाख एकर डोंगराळ मुलूख पसरलेला आहे. उद्यानाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग तोच. कायद्याच्या भाषेत तो 'वाइल्डरनेस'. तिथे रस्ता नाही, हॉटेल नाही, विजेचा दिवा नाही.

या भागात दिवसा चालून संध्याकाळी परत फिरणार असाल, तर परमिट लागत नाही. रात्र काढायची असेल तर लागतं, आणि ते वर्षभर लागतं, भर बर्फातसुद्धा. दिवसाच्या चालीला अपवाद एकच, हाफ डोम नावाच्या प्रचंड खडकाच्या माथ्याचा. त्याकडे पुढे येऊच.

एक घोटाळा इथेच निस्तरते. गाडी लावून शेजारी तंबू ठोकायची जी मैदानं असतात, त्यांचं आरक्षण वेगळं आणि हे परमिट वेगळं. उद्यानाच्या फाटकावर गाडीमागे भरायचं शुल्कही वेगळं. तीन पावत्या, तीन कामं. आमच्या एका मित्राने मैदानातली जागा मिळवली आणि तिच्या जोरावर तो डोंगरात मुक्कामाला निघाला होता. वेळेत लक्षात आलं म्हणून बरं.

एकांताचा कायदा

माणसांवर मर्यादा का, याचं सोपं उत्तर आपल्याला ठाऊक असतं. गवत तुडवलं जातं, पाणी घाण होतं, कचरा साठतो. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात आधी नोंदणी करून ठरावीकच लोक सोडतात, ते याच कारणासाठी. पण अमेरिकेतल्या या परमिटामागे आणखी एक कारण आहे, आणि ते मला फार मजेशीर वाटतं.

३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाइल्डरनेस कायद्यावर सही केली. मसुदा हॉवर्ड झानायझर यांचा. त्यात वाइल्डरनेसची व्याख्या करताना म्हटलंय की इथे माणूस हा पाहुणा आहे, तो मुक्काम ठोकत नाही. आणि पुढे, अशा जागी एकांत मिळण्याची उत्तम संधी असली पाहिजे. म्हणजे झाडं, अस्वलं आणि तळी यांच्या बरोबरीने एकांतही कायद्याने राखायची गोष्ट ठरली. पायवाटेवर दर पाच मिनिटांनी कोणीतरी समोरून "हाय" म्हणत असेल, तर एक फांदीही मोडली नसली तरी त्या जागेचं काहीतरी बिघडलं, असं हा कायदा मानतो. राजमाचीला पावसाळी रविवारी गेलेल्या माणसाला यातलं मर्म वेगळं सांगायला नको.

मला यात एक गोष्ट खटकते, तीही सांगून टाकते. 'पाहुणा' हा शब्द छान आहे, पण योसेमिटीत पाहुणे नसलेले, म्हणजे घरचे लोक होते. अवानीची नावाच्या मूळ रहिवासी जमातीचे लोक त्या दरीत राहत होते, आणि १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन नावाच्या सशस्त्र टोळीने दरीत शिरून त्यांना हुसकावलं. रिकामं रान हे आधी रिकामं केलेलं रान होतं. आपल्याकडे घाटमाथ्यावर धनगरांचे वाडे असतात, प्रत्येक सुळक्याखाली कुठला ना कुठला शेंदूर फासलेला देव असतो, त्यामुळे निर्मनुष्य डोंगर ही कल्पना मला अजूनही थोडी उसनी वाटते. असो. कायदा हा आहे आणि परमिट त्याच्या पोटातून आलं आहे.

१९७० च्या दशकात अमेरिकेत पाठपिशवी घेऊन डोंगरात राहण्याची लाट आली, आणि तळ्याकाठच्या जागा अक्षरशः उघड्या पडू लागल्या. तेव्हा योसेमिटीपुढे प्रश्न आला: मर्यादा घालायची, पण कशावर?

दारावरचा हिशोब

एक मार्ग असा की प्रत्येक मुक्कामाची जागा ठरवून द्यायची. पहिली रात्र या तळ्याशी, दुसरी त्या खिंडीपलीकडे, तिसरी अमुक ओढ्यापाशी. ग्रँड कॅन्यन, ग्लेशियर अशा काही उद्यानांत बरंचसं असंच चालतं. अर्ज करतानाच रात्रीनिशी वेळापत्रक द्यावं लागतं. यात गर्दी पक्की आवरते, पण पाय दुखला, पाऊस आला किंवा एखादी जागा आवडली म्हणून थांबावंसं वाटलं, तर पंचाईत.

योसेमिटीने दुसरा मार्ग घेतला. तिथे संशोधक म्हणून काम करणारे यान व्हॅन वॅगटेंडॉंक यांनी आधी रानाचे भाग पाडले आणि कोणत्या भागाला एका रात्री किती माणसं सोसतील याचा अंदाज बांधला. मग लोक प्रत्यक्षात कुठून निघतात आणि कुठे कुठे पांगतात हे जुन्या परमिटांवरून पाहिलं. त्यावरून उलटा हिशोब मांडला: अमुक वाटेच्या तोंडाशी दिवसाला इतकीच माणसं सोडली, तर पुढे ती आपोआप पसरतील आणि कुठलाच भाग ओसंडणार नाही. वाटेच्या या तोंडाला इंग्रजीतून आलेला शब्द आहे ट्रेलहेड. मी त्याला दार म्हणते.

सगळी मेख या एका गोष्टीत आहे. कोटा डोंगराचा नाही, तळ्याचाही नाही. कोटा त्या दाराचा आणि त्या दिवसाचा. तुम्ही कोणत्या दाराने, कोणत्या तारखेला आत शिरलात एवढंच मोजलं जातं. पहिल्या रात्रीवर काही बंधनं असतात. त्यानंतर तुम्ही बऱ्याच अंशी मोकळे. हवं तिथे वळा, थांबा, एक रात्र वाढवायची म्हणून आधीच जास्त दिवसांचं परमिट घ्या.

पहिल्या रात्रीची बंधनं किती बारीक असतात, याचं एक उदाहरण. हॅपी आइल्स हे व्हॅलीतलं सगळ्यात नावाजलेलं दार. नेवाडा धबधब्याकडे, हाफ डोमकडे आणि जॉन म्यूर ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेकडे जाणारी वाट इथूनच निघते. पण परमिटाच्या यादीत हॅपी आइल्सची दोन नावं दिसतात. एक 'लिटल योसेमिटी व्हॅलीपर्यंत', म्हणजे पहिली रात्र त्या ठरलेल्या मुक्कामातच काढायची. दुसरं 'लिटल योसेमिटी व्हॅलीच्या पुढे', म्हणजे पहिल्याच दिवशी तो मुक्काम ओलांडून वर जायचं, पाठीवर ओझं घेऊन, पाय कितीही ओरडले तरी. वाट एक, पण कोटे दोन, आणि दोन्हींची मागणीही वेगवेगळी. यादी वरवर वाचणारा माणूस पहिलं नाव बघून अर्ज करतो आणि दुसरं नाव त्याला दिसतही नाही.

आता उलट बाजूने बघा. समजा तुम्हाला हाफ डोमच्या परिसरात राहायचंय. हॅपी आइल्सला गर्दी. पण तिथे जाणारं ते एकच दार नाही. ग्लेशियर पॉइंटवरून उतरत येता येतं. टायोगा रस्त्यावरच्या टेनाया तळ्यापासून, म्हणजे सनराइज लेक्सच्या दाराने, क्लाउड्स रेस्टच्या माथ्यावरून खाली येता येतं. क्लाउड्स रेस्ट हाफ डोमपेक्षा सुमारे हजार फूट उंच आहे, त्यामुळे ज्याच्यासाठी लोक भांडतात तो हाफ डोम तुम्हाला वरून दिसतो. माझ्या मते हा रस्ता जास्त देखणा आहे, फक्त गाडी एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला ही अडचण सोडवावी लागते.

म्हणून अर्ज करताना सुरुवात नकाशापासून करा. आधी राहायचा मुलूख बघा, मग त्यात शिरणारी सगळी दारं शोधा, आणि मग तारखा. ज्यांना नावाचा सोस नाही त्यांच्यासाठी 'हेच हेची' नावाच्या दरीची बाजू आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या नळाला येणारं पाणी तिथल्या धरणातून येतं, आणि त्या जलाशयाच्या काठाने जाणाऱ्या वाटेवर ऐन मे महिन्यातसुद्धा व्हॅलीच्या मानाने शुकशुकाट असतो. दक्षिणेला वावोनाकडून चिलनुआल्ना धबधब्याची वाट आहे. तीही तशीच.

साठ आणि चाळीस

रेल्वेचं तिकीट काढलेल्या माणसाला पुढचा भाग दोन मिनिटांत कळेल. आपल्याकडे सर्वसाधारण कोटा असतो आणि तत्काळ असतो. योसेमिटीत दर दारामागच्या कोट्यातल्या ६० टक्के जागा फार आधी वाटतात आणि ४० टक्के अगदी तोंडावर. दोन्ही रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर. (काही वर्षांपूर्वीपर्यंत अर्ज चक्क फॅक्सने जायचे. ऑफिसातलं जुनं फॅक्स मशीन कोणाच्या तरी डोंगराच्या वेडापायी जिवंत असायचं.)

साठ टक्क्यांची लॉटरी निघते ती ट्रेकला निघायच्या तारखेच्या २४ आठवडे आधी. २४ आठवडे म्हणजे १६८ दिवस. १ ऑगस्टपासून मागे मोजलं तर १४ फेब्रुवारी येतो. व्हॅलेंटाइन डे, लक्षात ठेवायला सोपा. लॉटरी आठवड्याची असते. रविवारी अर्ज उघडतात, शनिवारी रात्री बंद होतात, सोमवारी निकाल येतो. लागली असेल तर गुरुवारच्या रात्रीपर्यंत होकार देऊन पैसे भरायचे. न भरलेल्या आणि उरलेल्या जागा शुक्रवारी सकाळी ९ वाजता सगळ्यांसाठी खुल्या होतात. जो आधी येईल त्याला.

हा शुक्रवार पुष्कळांना माहीत नसतो. लॉटरी हुकली की लोक संकेतस्थळ बंद करतात ते थेट पुढच्या वर्षी उघडतात. खरं तर लॉटरी जिंकलेल्यांपैकी काही जण गुरुवारपर्यंत विसरतात, काहींचा बेत बदलतो, आणि कमी मागणीच्या दारांना तर अर्जच पुरेसे आलेले नसतात. शुक्रवारी नऊच्या आधी पाच मिनिटं लॉग-इन करून बसायला काय जातं?

अर्जामागे १० डॉलर लागतात, आणि ते परत मिळत नाहीत, नंबर लागो वा न लागो. लागला तर माणशी आणखी ५ डॉलर. चौघांचं परमिट म्हणजे ३० डॉलर. रक्कम मोठी नाही, पण हरलेल्याकडूनही पैसे घेणं मला फारसं रुचत नाही. प्रतीक्षायादी नावाची गोष्टही इथे नाही. आपलं वेटिंग निदान आशेवर तरी ठेवतं.

उरलेल्या चाळीस टक्के जागा निघायच्या तारखेच्या बरोबर ७ दिवस आधी, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता उघडतात. ही लॉटरी नव्हे. बोट ज्याचं चपळ त्याची जागा. तत्काळला दहाच्या ठोक्याला जी धांदल उडते तीच इथे सातला, फक्त कॅपचा ओळखता ओळखता गाडी भरून गेली असं सहसा होत नाही. कोणी भारतातून हे करणार असेल, तर उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. पुण्यातून लेकाकडे येणाऱ्या आमच्या एका काकांनी चहा पीत पीत जागा मिळवली होती, इथे लेक मात्र झोपेत होता.

लॉटरीत कोणाचा नंबर लागण्याची शक्यता जास्त? कोटा माणसांचा असतो, गटांचा नाही, त्यामुळे शेवटच्या तीन जागा उरल्या असतील तर सहाजणांचा अर्ज बाजूला पडतो आणि दोघांचा बसतो. पायवाटेवर एका गटात जास्तीत जास्त १५ माणसं चालतात, पण आपल्या गणपती मंडळाएवढा गट घेऊन अर्ज करायचा तर नशीब दांडगं हवं. शनिवार-रविवार टाळा, मंगळवारी निघा. अर्जात एकापेक्षा जास्त पसंती देता येतात, त्या सगळ्या भरा. आणि वीस जण असाल तर दहा-दहाचे दोन गट करून वरती एकत्र येऊ, ही युक्ती कितीही सुचली तरी सोडून द्या. गटाची मर्यादा ज्या कारणासाठी आहे, तेच त्यात बुडतं.

आत यायचं दार, बाहेर जायचं दार

जॉन म्यूर ट्रेल हा या सगळ्या गुंत्याचा कळस. योसेमिटी व्हॅलीपासून माउंट व्हिटनीच्या माथ्यापर्यंत २११ मैल, म्हणजे सुमारे ३४० किलोमीटर. काम १९१५ मध्ये सुरू झालं, १९३८ मध्ये पुरं झालं. मध्ये राष्ट्रीय उद्यानं, राष्ट्रीय वनं, वेगवेगळे वाइल्डरनेस, सगळं लागतं. दिलासा एवढाच की जिथून सुरुवात तिथलं एकच परमिट शेवटपर्यंत चालतं.

अडचण वेगळीच. २०१० नंतरच्या वर्षांत या वाटेची मागणी एकदम वाढली. दाराचा कोटा पाळूनही लोक एकाच दिशेने, एकाच खिंडीकडे लोटायला लागले, कारण सगळ्यांना दक्षिणेला व्हिटनीकडेच जायचं होतं. 'आत सोडा, ते आपोआप पसरतील' हा जुना हिशोब त्यामुळे कोलमडला, कारण आता कोणी पसरतच नव्हतं. म्हणून २०१५ मध्ये योसेमिटीने दुसरं कुलूप लावलं. डोनोह्यू खिंड ओलांडून उद्यानाबाहेर पडणाऱ्यांची संख्या दिवसाला ४५ वर रोखली. ही खिंड ११ हजार फुटांच्या वर आहे. म्हणजे आत शिरायचा कोटा तर हवाच, वर डोनोह्यूतून बाहेर पडायचाही हवा. पंचेचाळीस माणसं म्हणजे एका एसटीत मावतील एवढी, आणि अर्ज जगभरातून.

तरी इथेही दार बदलता येतं. हा ४५ चा आकडा उद्यानातून दक्षिणेला बाहेर पडणाऱ्यांना लागतो, उत्तरेकडे आत येणाऱ्यांना नाही. त्यामुळे बरेच जाणते लोक ट्रेल उलटा करतात. दक्षिणेला इन्यो राष्ट्रीय वनातल्या कॉटनवुड पासच्या दाराने शिरतात आणि योसेमिटीत उतरतात. तिथल्या बहुतेक दारांच्या ६० टक्के जागा सहा महिने आधी आणि ४० टक्के दोन आठवडे आधी, सकाळी ७ वाजता खुल्या होतात. मोल एकच द्यावं लागतं. कॉटनवुडला गाडी थांबते तीच जवळपास दहा हजार फुटांवर, कळसूबाईच्या दुपटीच्या आसपास. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला दोन रात्री द्याव्या लागतात. उत्तरेकडून गेलं तर ती सवय चालता चालता होते.

व्हिटनीचा स्वतःचा कारभार निराळा. १४,५०५ फूट, अलास्का सोडून अमेरिकेतलं सगळ्यात उंच शिखर. पूर्वेकडून, व्हिटनी पोर्टलवरून चढणारी वाट २२ मैलांची, जाऊन येऊन. इथे दिवसाच्या चालीलाही परमिट लागतं, आणि १ मे ते १ नोव्हेंबर त्याला कोटा असतो. दिवसाला १०० जण एका दिवसात जाऊन येणारे, ६० जण मुक्कामाचे. अर्ज १ फेब्रुवारी ते १ मार्च, निकाल मार्चच्या मध्यावर, आणि ज्यांनी पैसे भरून पक्कं केलं नाही त्यांच्या जागा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याआधी परत बाजारात येतात. वरच्या खडकाळ भागात शौचाचा खड्डा खणायची सोय नाही, म्हणून तो ऐवजही पिशवीत बांधून खाली आणावा लागतो. पिशवी परमिटाबरोबर मिळते. चेहरा वाकडा करू नका. दिवसाला १६० माणसं गुणिले सहा महिने, एवढा हिशोब करून बघा.

हाफ डोमला माथ्यालगतचे शेवटचे सुमारे ४०० फूट पोलादी दोरांना धरून चढायचे असतात. हे दोर १९१९ मध्ये बसवले. दोरांवर माणसांची रांग लागायला लागली, आणि मध्ये वीज कडाडली तर खाली उतरायला जागा नाही, अशी अवस्था आली. २०१० मध्ये शुक्रवार ते रविवार आणि सुट्ट्यांसाठी, आणि पुढच्या वर्षापासून रोजच परमिट आलं. दिवसाला ३०० जण. त्यातले सुमारे २२५ दिवसाच्या चालीचे, ७५ मुक्कामाचे. मुख्य लॉटरी मार्च महिन्यात, आणि हंगामात रोज एक छोटी लॉटरी दोन दिवस आधीची. मुक्कामाचं परमिट काढताना जवळच्या दाराचं असेल, तर त्यालाच हाफ डोम जोडून मागता येतं. ही सोय सगळ्यात कमी लोक वापरतात, असं मला वाटतं.

खिडकीवर

नंबर लागला, पैसे भरले, ईमेल आलं. हे झालं आरक्षण. परमिट अजून मिळालेलं नाही. योसेमिटीत परमिट हे रेंजरच्या खिडकीवर, समोरासमोर मिळतं. निघायच्या दिवशी सकाळी किंवा आदल्या दिवशी जाऊन घ्यायचं. ठरलेल्या वेळेपर्यंत पोहोचला नाहीत तर जागा दुसऱ्याला जाते, त्यामुळे बे एरियातून पहाटे चारला निघून "होईल तेवढं" म्हणणं धोक्याचं. परमिटवाल्यांना आदली एक रात्र काढायला पाठपिशवीवाल्यांची वेगळी मैदानं आहेत, व्हॅलीतही आहे आणि वर टायोगा रस्त्यावरच्या टुओलम्नेतही. ती वापरा.

परमिट गटप्रमुखाच्या नावाने असतं आणि ते दुसऱ्याला देता येत नाही. नाहीतर त्याचा काळाबाजार व्हायला वेळ लागला नसता. हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. एका ट्रेकचा अर्ज मी नवऱ्याच्या नावाने भरला, पर्यायी गटप्रमुखाचा रकाना रिकामा ठेवला, आणि निघायच्या दोन दिवस आधी त्याला कामासाठी शिकागोला जावं लागलं. आम्ही तिघी खिडकीशी उभ्या, कागद हातात, आणि आत बसलेली मुलगी अगदी गोड आवाजात नाही म्हणत होती. चूक सर्वस्वी माझी. काही ठिकाणी, व्हिटनीला तर नक्कीच, हा पर्यायी माणूस अर्ज करतानाच लिहावा लागतो, नंतर नाही. तेव्हापासून मी तो रकाना आधी भरते, तारीख नंतर.

खिडकीवर दहा मिनिटं समजावून सांगतात. पाण्यापासून आणि पायवाटेपासून १०० फूट दूर तंबू, शौचासाठी सहा इंच खड्डा, ९,६०० फुटांच्या वर शेकोटी नाही. आणि बेअर कॅनिस्टर, म्हणजे घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, ज्यात अस्वलाचा पंजा शिरत नाही. योसेमिटीच्या सगळ्या रानात तो सक्तीचा आहे. अन्न झाडाला टांगायचे दिवस गेले, अस्वलांनी ते शास्त्र केव्हाच शिकून घेतलं. डब्यात फक्त अन्न नाही, वास येणारं सगळं: टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम. चिवडा आणि थालीपिठाची भाजणी तर अर्थातच. तीन दिवसांचा शिधा त्यात बसवताना पहिल्यांदा घाम फुटतो. डबा नसेल तर तिथे भाड्याने मिळतो.

तारखांबद्दल एकच सांगते. जूनची लॉटरी डिसेंबर-जानेवारीत जिंकता, तेव्हा जूनमध्ये वर किती बर्फ असेल हे कोणालाच माहीत नसतं. टायोगा रस्ता हिवाळ्यात बंद असतो आणि बर्फ जास्त पडलेल्या वर्षी जूनच्या मध्यानंतरही उघडत नाही. मग टुओलम्नेच्या दाराचं परमिट हातात असून दारापर्यंतच जाता येत नाही. जुलैत डास असे की जेवायला तंबूत शिरावं लागतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वणव्यांचा धूर. मला विचाराल तर सप्टेंबरचा दुसरा आठवडा. शाळा सुरू झालेल्या, डास मेलेले, रात्री गारठा. धुराचं नशीब.

आता जुलैतल्या त्या प्रश्नाकडे. शनिवारी निघायचंच असेल, तर त्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी पावणेसातला लॉग-इन करून बसा. हॅपी आइल्सकडे बघूही नका. नकाशावरून आधीच चार दारं कागदावर लिहून ठेवा, गट दोघा-तिघांचा ठेवा, आणि सातला पहिलं मिळेल ते दार घ्या. नाही मिळालं तर आठवडाभर दिवसातून दोनदा यादी उघडून बघत राहा, लोक रद्द करतात आणि त्या जागा परत येतात. आणि सुट्टी रविवारपासून बुधवारपर्यंत हलवता येत असेल, तर शनिवारी सकाळी सातचा गजर लावूच नका, रविवारचा लावा.